स्कोअरवही आवरताना

होड्या वर ओढून झाल्या. मंडळाच्या खोलीत
जाळ्यांच्या ढिगावर बसून आम्ही चौघे
सरल्या हंगामातले उत्तम निवडतो आहोत.
कप तीनच उरलेत. चौथ्याचा कान
हर्णैच्या मिरवणुकीत तुटला.

वही माझ्याकडे. तीच, लिलावाची.
पुढून सुरमई, पापलेट, बोलीचे आकडे,
मागून उलटी धरली की आमचे सामने.
मधे कुठेतरी दोन्ही हिशेब भेटतात,
तिथल्या एका षटकाला
अजून बांगड्याचा वास येतो.

एकेचाळीस सामने. तारखा नाहीत, तिथ्या आहेत,
कारण मैदान आमचं नाही, ओहोटीचं.
पौर्णिमेच्या संध्याकाळी लांबवर वाळू उघडी पडते, घट्ट,
टेनिसचा बॉल गुडघ्याच्या वर उठतो.
अष्टमीला मिडऑफला उभं राहायचं
तर लुंगी वर धरून.
एका उपांत्य सामन्याचा निकाल
वहीत असा आहे:
‘दोन चेंडू बाकी. खेळपट्टी बुडाली.’

गोलंदाज कोण, यावर वाद नाही.
हरेश्वर चोगले. बेचाळीस बळी,
तेही जाळं ओढून खांदा उतरलेला असताना.
होडीवरून दोर फेकावा तसा त्याचा हात येतो,
फलंदाजाला वाटतं,
आता हा आपल्याला धक्क्याला बांधणार.

क्षेत्ररक्षकासाठी विलास धोपटने
स्वतःचंच नाव सुचवलं.
वही चाळली. सहा झेल सुटलेले.
‘त्यातले दोन सूर्यात होते,’ तो म्हणाला.
सूर्य आमच्याकडे समुद्रातच बुडतो, विलास,
आणि सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो.
तरी कप त्यालाच. दुसरं कुणी
नाव द्यायला आलंच नाही.

मी सुचवलेलं नाव वहीत नाही.
परशा. इयत्ता सहावी. संघात कधीच नव्हता.
लाटेवर गेलेले एकोणतीस बॉल पोहून आणले त्याने,
साठ रुपयांचा एक, करा हिशेब.
एकदा बॉल समजून
जाळ्याचं भेंड घेऊन आला, धापा टाकत,
तोवर तिकडे चार धावा पळून झाल्या होत्या.
कमिटी म्हणते, पोहणं म्हणजे क्रिकेट नव्हे.

आता फलंदाज.
भालचंद्र पावसे, दोनशे सत्त्याऐंशी.
नौशाद मुकादम, दोनशे शहाऐंशी.
‘एक तर एक,’ म्हणत अध्यक्षांनी
कपावरची धूळ भालूच्या नावाने पुसली.

मी बोललो नाही.
केळशीशी सामना, शिमग्याच्या आधीची अवस,
तिसरं षटक. पंच डोळ्यातली वाळू काढत होते.
मी समुद्राकडे बघत होतो:
थोरल्याची होडी दोन दिवस उशिरा,
आणि लांब एक काळा ठिपका,
आमचा की दुसऱ्या कुणाचा, कळेना.
बॅटचा आवाज टक असतो.
हा थप होता. मांडीचा.
मला ऐकू आलं.
पोरं ‘एक!’ ओरडली, मी एक लिहिला,
शाईने. आणि लिलावाच्या वहीत
खोडलेला आकडा म्हणजे चोरी.

दुसऱ्या टोकाला तेव्हा नौशाद होता.
ती धाव तोही धावला.

आत्ता तो दारात उभा आहे,
कपाटाची किल्ली द्यायला आलेला. नाव ऐकलं.
भरतीची वेळ विचारताना पाहतात
तसं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला,
‘मामू, चाय सांगू? पाच?’

सहा, मी म्हटलं. परशा बाहेर बसलाय.

तो ठिपका आमच्याच होडीचा निघाला होता,
हे कुणाला सांगायचं राहिलं.
ते वहीत
कुठल्याच बाजूने लिहिलेलं नाही.